पंडिता रमाबाईंचें कूळ

केडगांवच्या मुक्ति मिशनाचें नांव आमच्या जालना जिल्ह्यांतील मंडळ्यांना ठाऊक आहे. परंतु तें स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई कोणत्या घरांत वाढल्या हें थोड्यांनाच ठाऊक असतें. खेड्यांत ख्रिस्ती माणसाला पहिला प्रश्न कुळाचा होतो, म्हणून ह्या थोर बाईंच्या कुळाची हकीकत येथें देतों.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतांतील चित्पावन ब्राह्मण. तरुणपणीं ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं विद्या शिकले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत, व हा शिष्यही वाड्यांत बरोबर जाई. स्त्रीच्या मुखांतून शुद्ध श्लोक ऐकून तो थक्क झाला. आपल्या घरींही असें व्हावें हें त्यानें मनांत धरलें. पण पहिल्या पत्नीच्या वेळीं घरच्यांनीं तें होऊं दिलें नाहीं.

ती वारल्यावर अनंतशास्त्री यात्रेंत होते. जी गोदावरी आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते, तिच्याच कांठीं एका यात्रेकरू ब्राह्मणानें त्यांना स्नान करतांना पाहिलें, जातगोत्र विचारलें, आणि दुसऱ्या दिवशीं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन टाकली. वरानें चाळिशी ओलांडली होती! हें ऐकून अंगावर कांटा येतो, आणि यावाच. परंतु ह्याच मुलीला, लक्ष्मीबाईंना, पतीनें संस्कृत शिकविलें. लोक खवळले. उडुपीच्या पंडितसभेपुढें शास्त्रीबोवांस जबाब द्यावा लागला; त्यांनीं ग्रंथांतून आधार काढून दाखविले. मग ते घाटावरील गंगामूळच्या रानांत घर करून राहिले. तेथें ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला.

विद्यार्थी व पाहुणे यांना जेवूं घालतां घालतां कर्ज झालें आणि घर सोडावें लागलें. सहा महिन्यांची रमा वेताच्या टोपलींत, चाकराच्या डोक्यावर बसून निघाली. पुढें वर्षानुवर्षें हें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगून पोट भरी. वडील थकले होते, म्हणून रमाबाईंना शिकविलें तें आईनें, पहांटे, घरकामाला हात लावण्याआधीं.

मग दुष्काळ आला. आमच्या लोकांना दुष्काळ नवा नाहीं, पण कुदळ घेऊन कामावर तरी जातां येतें. ह्या घराला तेंही येईना. मोलमजुरी हलकी वाटे, भीक मागण्याची लाज वाटे. कुळाचा अभिमानच घांसाच्या आड आला. इ. स. १८७४ च्या सुमारास वडील उपासमारीनें गेले, व थोड्याच आठवड्यांत आईही गेली. तिला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या, म्हणून त्यांनीं तिरडी डोक्यावर घेतली. पुढें थोरली बहीण कृष्णाबाईही वारली.

बहीणभाऊ पायीं देश हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंहोचलीं. तेथें विद्वानांनीं रमाबाईंना पंडिता ही पदवी दिली. १८८० सालीं श्रीनिवासही वारला. त्याच वर्षीं त्यांनीं जातीबाहेरील वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं लग्न केलें, व १८८२ त त्यांना वैधव्य आलें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं एकुलती कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

मनोरमा १९२१ त अविवाहित वारली, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. त्यांचा वंश तेथें संपला. मागें राहिलें तें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनीं साध्या मराठींत केलेलें पवित्र शास्त्र.