कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरी एका कारागीर कुटुंबात झाला. शालेय शिक्षण अल्प, परंतु हाती उपजत कला होती. बंधू आनंदराव यांच्यासमवेत ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा चित्रपट पाहून उभयतांनी स्वतःच कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. दुर्दैवाने १९१६ साली आनंदराव निवर्तले. पाठीशी द्रव्य नाही आणि उजवा हातही गेला! तथापि बाबूरावांनी काम सोडले नाही. दामले प्रभृती सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी तो कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले व महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आपल्या पुण्यातच आर्यन थिएटरात झळकला. पुढे 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी कर्जाखाली भरडलेल्या शेतकऱ्याची व्यथा पडद्यावर आणली.

त्यांचे खरे वैभव त्यांचे शिष्य होत. दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी वेगळे होऊन १९२९ साली प्रभात कंपनी काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. गुरूची कंपनी मागे पडली, विद्या मात्र वाढली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कैलासवासी झाले.

बिबवेवाडीतील आपल्या तरुणांनी एवढेच ध्यानी धरावे : साधन नसेल तर ते घडवावे, आणि आपली विद्या इतरांस मुक्तहस्ते द्यावी.