समलिंगी माणसाला ‘बरं’ करायचं नसतं, हे शंभर वर्षांपूर्वी सांगणारा डॉक्टर

मे १९३३. पॅरिसच्या एका सिनेमागृहात पासष्टीला टेकलेले एक जर्मन गृहस्थ बातमीपट बघत होते. पडद्यावर बर्लिनचा चौक होता. मोठी आग पेटली होती आणि तरुण मुलं तिच्यात पुस्तकं फेकत होती. त्यांतली कितीतरी पुस्तकं या गृहस्थांच्याच संस्थेतून लुटून आणलेली होती.

त्यांचं नाव डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड. ते ज्यू होते, म्हणून नाझींना नको होते. पण रागाचं दुसरं कारणही होतं. समलिंगी आणि पारलिंगी माणसं आजारी नाहीत, गुन्हेगार तर नाहीतच, असं ते पस्तीसेक वर्षं सांगत आले होते.

हिर्शफेल्ड यांचा जन्म १४ मे १८६८ चा, कोलबर्ग गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील डॉक्टर, मुलगाही डॉक्टर झाला. त्यांच्याकडे उपचाराला येणाऱ्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने स्वतःच्या लग्नाच्या आदल्या रात्री आत्महत्या केली. तो समलिंगी होता आणि घरच्यांना ते सांगू शकला नव्हता. जाण्यापूर्वी त्याने डॉक्टरांना पत्र लिहून ठेवलं. आपली गोष्ट लोकांपर्यंत पोचवा, अशी त्यात विनंती होती.

हिर्शफेल्ड स्वतः समलिंगी होते, पण तसं जाहीरपणे बोलत नव्हते. १८९६ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तिका काढली, तीही टोपणनावाने. कारण जर्मनीत कलम १७५ होतं. दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाला त्यात तुरुंगवास होता. पुढच्याच वर्षी त्यांनी हे कलम रद्द व्हावं म्हणून समिती स्थापन केली आणि सह्यांची मोहीम उघडली. पुढे त्या अर्जावर आइनस्टाइन आणि थॉमस मान यांच्याही सह्या आल्या.

तेव्हाचे डॉक्टर अशा माणसांवर काय उपचार करायचे? संमोहन करायचे, वेश्येकडे जायला सांगायचे, लग्न करून टाक म्हणायचे. माणूस बदलला की उपचार यशस्वी, असा तो हिशेब होता.

हिर्शफेल्ड यांनी हा हिशेब उलटा केला. समलिंगी असण्याने कुणी आजारी पडत नाही, तर सतत लपवण्याने आणि भीतीने पडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांच्या उपचारात आधी धीर देणं आलं. मग मनातली लाज कमी करणं आणि स्वतःसारख्या इतर माणसांशी ओळख करून देणं. माणसाला बदलायचं नाही, तो आहे तसा जगू शकेल एवढं बळ त्याला द्यायचं. आजचं चांगलं समुपदेशन याच वाटेने जातं.

हे सगळं त्यांना कळलं ते लोकांना विचारून. त्यांची शंभराहून अधिक प्रश्नांची एक प्रश्नावली होती. घर, बालपण, स्वप्नं, आवडीनिवडी, सगळं त्यात असे. अशा हजारो प्रश्नावल्या लोकांनी भरून दिल्या. १९०३ साली त्यांनी सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या लैंगिक कलाविषयी पत्राने विचारलं, तेव्हा काहींनी तक्रार केली आणि कोर्टाने डॉक्टरांनाच दंड ठोठावला. तरी विचारणं थांबलं नाही.

१९१० च्या पुस्तकात त्यांनी १७ जणांच्या जीवनकहाण्या मांडल्या. जन्माने ठरलेल्या लिंगापेक्षा वेगळे कपडे घालावेत, अशी या सगळ्यांची ओढ होती. अशी माणसं समलिंगीच असणार, हा तेव्हाचा समज. पण या १७ जणांपैकी बहुतेक पुरुषांना बायकाच आवडत होत्या. आपण कोण आहोत आणि आपल्याला कोण आवडतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या कहाण्यांतून दिसलं. बर्लिनमध्ये अशा व्यक्तींना हिर्शफेल्ड यांच्या वैद्यकीय दाखल्याच्या आधारे पोलिसांकडून परवाना मिळू लागला. त्यामुळे रस्त्यावर अटक होण्याची भीती कमी झाली.

पण त्यांची पावलं नेहमीच बरोबर पडली नाहीत. १९०७ मध्ये एका गाजलेल्या खटल्यात त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली आणि काउंट मोल्टके हे बर्लिनचे लष्करी अधिकारी समलिंगी प्रवृत्तीचे असल्याचं सांगितलं. आधार काय, तर घटस्फोटित पत्नीची जबानी आणि कोर्टातलं निरीक्षण. खुद्द त्या माणसाने असं काही सांगितलंच नव्हतं. फेरसुनावणीत डॉक्टरांना मत मागे घ्यावं लागलं. मोल्टकेंची बदनामी झाली आणि चळवळही मागे गेली.

१९१९ मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिक विज्ञान संस्था उघडली. तिथे दवाखाना, ग्रंथालय, सल्ला केंद्र, सगळं एका छताखाली होतं. १९२० मध्ये म्युनिकला त्यांच्यावर इतका भीषण हल्ला झाला, की वर्तमानपत्रांनी ते गेल्याची बातमी छापली. ती त्यांना स्वतःला वाचायला मिळाली.

१९३० च्या अखेरीस ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. १९३१ मध्ये भारतात आले, अलाहाबादला नेहरूंकडे पाहुणे म्हणून राहिले आणि स्वातंत्र्याच्या मागणीला त्यांनी उघड पाठिंबा दिला. इथेही इंग्रजांनी आणलेलं कलम ३७७ होतंच.

जर्मनीत परतणं मात्र झालं नाही. ६ मे १९३३ रोजी संस्था लुटली गेली आणि १० मे रोजी पुस्तकं जाळली गेली. १४ मे १९३५ ला, आपल्या सदुसष्टाव्या वाढदिवशी, फ्रान्समधल्या नीस शहरात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी नाझींनी कलम १७५ आणखी कडक केलं. ते पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ उजाडलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले.

कायदा बदलला, तरी मुलाला ‘सरळ’ करून देतो म्हणणारे अजून भेटतात. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असा ‘उपचार’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. कुणी डॉक्टर तसं करत असेल, तर राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. आणि घरातलं कुणी धीर करून काही सांगू लागलं, तर आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या.