कापरेकर गुरुजी

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आपल्या चऱ्होलीहून फार दूर नसलेल्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. पुढे नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिक्षक झाले. साध्या शाळामास्तरचे गणित म्हणून अनेक विद्वानांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केले. पण गुरुजींनी अंकांचा नाद सोडला नाही.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १८ घ्या. १ + ८ = ९, आणि ९ दुणे १८. मुलांनो, गुरुजींचे जन्मवर्षच पाहा! १ + ९ + ० + ५ = १५, आणि १५ × १२७ = १९०५.

१९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. गुरुजी तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले.