हायपरबोलाचं बारसं करणारा अपोलोनियस

ग्राफिक्सच्या शीटवर फ्रेंच कर्व्ह सरकवत हायपरबोला काढणाऱ्या तमाम मित्रमैत्रिणींनो, या कर्व्हचं नाव ठेवणारा माणूस ठाऊक आहे का? त्याचं नाव अपोलोनियस. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो पेर्गा गावी जन्मला. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, अंताल्या शहराजवळ. काम मात्र केलं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात.

तिथे नौक्रातेस नावाचा भूमितीवाला त्याच्याकडे मुक्कामाला आला. त्याच्या आग्रहावरून अपोलोनियसने शंकुच्छेदांवर आठ भागांचा ग्रंथ लिहायला घेतला. पण पाहुण्याचं जहाज सुटायची वेळ झाली. मग काय, सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखी घाई! सुचेल तसं उतरवलं आणि न तपासताच देऊन टाकलं. त्या कच्च्या प्रती लोकांत फिरू लागल्या. हे त्याला पटेना. त्याने एकेक भाग नव्याने तपासून पर्गामम शहरातल्या युडेमसकडे धाडला. दुसरा भाग तर स्वतःच्या मुलाच्या हाती पाठवला. पुढे युडेमस वारला, तरी काम थांबलं नाही. उरलेले भाग अॅटालसला गेले.

त्याच्या आधी तीन कर्व्हसाठी तीन वेगळे शंकू घेत. त्याने एकच दुहेरी शंकू घेतला आणि फक्त छेदाचा कल बदलला. दोन्ही शंकू कापले गेले की हायपरबोलाच्या दोन शाखा मिळतात. नावाचंही गणित आहे. शिरोबिंदूपासून मोजलं तर य² हा ठरावीक आयताएवढा भरला की पॅराबोला, कमी पडला की एलिप्स, वरचढ झाला की हायपरबोला. हायपरबोला म्हणजेच वरचढ होणं!

आता आपलं काम बघा. क्ष²/१६ − य²/९ = १ असं समीकरण आलं. क्ष² धन आहे, म्हणजे शाखा डावी-उजवीकडे. केंद्र (०, ०). १६ चं मूळ ४, म्हणून शिरोबिंदू (±४, ०). १६ + ९ = २५, म्हणून नाभी (±५, ०). अनंतस्पर्शी रेषा य = ±(३/४)क्ष. उत्केंद्रता ५/४, म्हणजे १.२५. दोन मिनिटांत पाच-सहा मार्क खिशात!

अपोलोनियसकडे यातलं समीकरणच नव्हतं. देकार्तची भूमिती आली १६३७ मध्ये. तरी अनंतस्पर्शी रेषा त्याने दुसऱ्या भागात मांडल्या. कर्व्हवरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन नाभींच्या अंतरांतला फरक कायम राहतो, हे तिसऱ्या भागात सिद्ध केलं. आपल्या उदाहरणात तो फरक ८ येतो, करून बघा. हे सगळं केवळ आकृती आणि तर्काच्या जोरावर.

आठपैकी चारच भाग ग्रीकमध्ये उरले. पाच ते सात वाचले ते नवव्या शतकात बगदादला झालेल्या अरबी भाषांतरामुळे. आठवा गेला तो गेलाच. १७१० मध्ये ऑक्सफर्डहून सातही भाग छापणाऱ्या एडमंड हॅलीने आठवा स्वतः अंदाजाने रचून जोडला. हो, तोच धूमकेतूवाला हॅली!

हॅलीचा धूमकेतू एलिप्सवर फिरतो, म्हणून परत येतो. पण २०१७ मध्ये सूर्यमालेबाहेरून ‘ओमुआमुआ’ नावाचा पाहुणा आला. त्याच्या मार्गाची उत्केंद्रता साधारण १.२ निघाली. एकापेक्षा जास्त, म्हणजे हायपरबोला. तो काही परत यायचा नाही. पेर्ग्याच्या माणसाने ठेवलेलं नाव मात्र त्याच्या वाटेलाही लागलं.