सुखाची किमया : इमाम गझाली
वाचकहो, मानमरातब लाभला की माणूस सुखी होतो, असे आपण समजतो. इमाम गझालींचे चरित्र काय सांगते पाहा. जन्म इ. स. १०५८, इराणमधील तूस. १०९१ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात अध्यापक झाले. शेकडो शिष्य, दरबारी मान! परंतु आपण ज्ञानासाठी शिकवतो की कीर्तीसाठी, या प्रश्नाने ते पोखरून निघाले. शिकवताना वाचाच बसली. १०९५ साली मुलाबाळांपुरते ठेवून बाकीचे धन त्यांनी वाटून टाकले व दमास्कसची वाट धरली. पुढे ‘किमिया-ए-सआदत’ हा फारसी ग्रंथ लिहिला. इच्छांना लगाम घालावा, स्वतःला ओळखावे व त्यातून ईश्वराला ओळखावे, हीच त्यातील सुखाची किमया. ११०६ साली निशापूरला ते पुन्हा शिकवू लागले. काम तेच, हेतू बदलला होता. ११११ साली तूस येथे ते निवर्तले. आपण शिकतो, शिकवतो ते कशासाठी? वाचकहो, ज्याने त्याने स्वतःला विचारावे.