वाशिमचा हरवलेला राजा आणि मिराशी सर

वाशिमला बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला बालाजी मंदिर दाखवतो, पद्मतीर्थ दाखवतो आणि परत गाडीत बसवून देतो. हे शहर एकेकाळी राजधानी होतं असं सांगितलं तर तो हसतो. त्याचं सोडा, आपल्या होस्टेलमधलेही बरेच जण हसतील! म्हणूनच या अंकात मला अशा एका माणसाबद्दल लिहायचं आहे, ज्यांनी वाशिमला त्याचा हरवलेला राजा परत मिळवून दिला. ते वाशिमचे नव्हते, इंजिनिअर नव्हते आणि राजकारणी तर मुळीच नव्हते. ते होते संस्कृतचे प्राध्यापक, महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी.

मिराशींचा जन्म १८९३ साली कोकणात, देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी झाला. कोल्हापूर आणि पुण्यात शिकून १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि कायमचे विदर्भाचे झाले. पुढे ते त्याच कॉलेजचे आणि नंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कालिदासावरचं त्यांचं मराठी पुस्तक गाजलं. पण त्यांचं खरं वेड म्हणजे जुनी अक्षरं. दगडावर कोरलेली, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली, अर्धी झिजलेली अक्षरं लावायची आणि त्यातून इतिहास उभा करायचा.

ताम्रपट म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचं तर त्या काळचा सातबारा. राजाने कोणाला जमीन किंवा गाव दान दिलं की त्याचा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरत. पत्र्यांना भोक पाडून कडी घालत आणि त्यावर राजमुद्रा लावत. गाव कुठलं, कोणाला दिलं, कोणते कर माफ, सरकारी माणसांनी तिथे काय मागायचं नाही, हे सगळं त्यात असे. कागद कुजतो, तांबं टिकतं. मटेरियल सिलेक्शन याला म्हणतात!

१९३९ साली वाशिमला असेच चार पत्रे उजेडात आले. वाकाटक हे विदर्भाचं मोठं राजघराणं, हे तोपर्यंत माहीत होतं. वत्सगुल्म हे वाशिमचं जुनं नावही साहित्यात येत होतं. दहाव्या शतकातल्या राजशेखराने तर आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मातच लावलं आहे. पण इथे राज्य करणारी वाकाटकांची वेगळी शाखा होती, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

मिराशींनी डी. बी. महाजन यांच्यासोबत हे ताम्रपट संपादित केले. राजा विंध्यशक्ती दुसरा याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून हे दान दिलं होतं. दान दिलेलं गाव नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या भागातलं. वंशावळ संस्कृतमध्ये, बाकीचा व्यवहार बराचसा प्राकृतमध्ये. आणि वंशावळीत त्याच्या वडिलांचं नाव स्पष्ट होतं, सर्वसेन. सम्राट पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा!

इथे एखाद्याने काम संपवलं असतं. मिराशी मात्र अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखाकडे वळले. त्या लेखातही वाकाटकांची वंशावळ आहे, पण अक्षरं फार झिजलेली. प्रवरसेनाच्या मुलाच्या जागी आधीच्या विद्वानांनी दुसरंच नाव वाचलं होतं आणि सगळी पुस्तकं त्यावरच चालली होती. वाशिमचा ताम्रपट शेजारी ठेवून पाहिल्यावर तिथेही सर्वसेनच निघाला. म्हणजे दोन-तीन अक्षरं चुकीची लागल्यामुळे आपल्या गावाचा पहिला राजा अनेक वर्षं भिंतीवर असूनही दिसत नव्हता. हा सर्वसेन कवीही होता. त्याचं हरिविजय हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण जुन्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली आहे.

मिराशींनी पुढे वाकाटकांचे सगळे कोरीव लेख एका मोठ्या इंग्रजी ग्रंथात एकत्र केले. तो १९६३ मध्ये निघाला. मला विशेष आवडतं ते हे, की त्याआधी १९५७ सालीच त्यांनी हा इतिहास मराठीत पुस्तकरूपाने दिला होता. विद्वानांसाठी इंग्रजी आणि आपल्या माणसांसाठी मराठी! १९७५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले.

सिव्हिलच्या मित्रांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाशिमजवळ हिस्से-बोराळा इथे याच शाखेच्या देवसेन राजाच्या काळातला शिलालेख मिळाला आहे. शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा. त्यात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचं तळं बांधल्याची नोंद आहे. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी जलसंधारणाचं काम करून त्याचं कम्प्लीशन सर्टिफिकेट दगडावर कोरून ठेवलं होतं! या लेखाच्या वाचनावर विद्वानांत बरीच चर्चा झाली आणि त्यात मिराशीही होते.

इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चने आपल्या भागातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनविधी नोंदवून ठेवले. १८९९ पासून तिथे एकेका काउंटीचा गाववार इतिहास लिहिण्याचं काम सुरू आहे. आपल्याकडे नोंदी नाहीत असं आपण पटकन म्हणून टाकतो. आहेत हो! फक्त त्या शेतात पुरलेल्या आहेत, माळ्यावरच्या मोडी कागदांत आहेत, देवळाच्या चुना फासलेल्या खांबावर आहेत. ते चार पत्रे भांड्यांच्या भावात मोडीत गेले असते, तर सर्वसेन आजही सापडला नसता.

आता तर शेतात जेसीबी फिरतो आणि जुनी देवळं पाडून टाइल्सची बांधतात. म्हणून या सुट्टीत गावी गेलात की आजोबांना एकदा विचारा. अक्षरं असलेला दगड दिसला तर त्याला रंग देऊ नका, घासू नका. फोटो काढा, कुठे आहे ते लिहून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. वाचणारे मिराशी पुढे कधीतरी भेटतील, पण तोवर दगड तरी जागेवर राहिला पाहिजे ना!