कागदांचा राखणदार

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना सारा महाराष्ट्र इतिहासाचार्य म्हणून ओळखतो. त्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी झाला. बालपणीच पितृछत्र हरपले, तरी शिक्षणाची ओढ सुटली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाचे काम केले. परभाषांतील थोर ग्रंथ मराठीत आणावेत या हेतूने १८९४ साली त्यांनी 'भाषांतर' हे मासिक काढले. ते फार वर्षे चालले नाही. ऐन तारुण्यात पत्नीचा वियोग झाला. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही.

त्या काळी मराठ्यांचा इतिहास बव्हंशी बखरींवरून आणि १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफ यांच्या इंग्रजी ग्रंथावरून सांगितला जाई. मूळ पत्रे मात्र जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, मोडी लिपीतील रुमालांत बांधलेली पडून होती. वाळवी, पावसाचे पाणी आणि रद्दीचा व्यापार यांनी त्यांचा नाश चालविला होता. राजवाडे गावोगाव हिंडू लागले. हाताने स्वयंपाक करावा, जाडेभरडे ल्यावे, कागदांच्या मालकांची मनधरणी करावी, असा त्यांचा क्रम होता. आपले वतन जाईल या भीतीने कोणी दप्तर दाखवीत नसे, तर कोणाला त्याची किंमतच ठाऊक नसे. नकार मिळाला तरी ते पुन्हा त्याच दारी जात.

१८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतापर्यंतच्या, म्हणजे १७५० ते १७६१ या काळातील पत्रे त्यात होती. अनेक पत्रांवर महिना व तारीख असे, पण साल नसे. मजकुरावरून साल ठरविणे हे जिकिरीचे काम त्यांनी चिकाटीने केले. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. इतका व्यासंग असूनही त्यांनी आपले लेखन मराठीतच केले.

एकट्याच्या हातून हे कार्य पुरे होणार नाही, हे जाणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. त्यांचा स्वभाव मात्र तापट होता. सहकाऱ्यांशी मतभेद होऊन ते पुण्यातून निघाले आणि धुळ्यास राहिले. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह जतन झाला.

राजवाडे यांचे अनेक सिद्धान्त पुढील अभ्यासकांनी नाकारले. समाजाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी आपल्या जातीच्या अभिमानाने मर्यादित झाली होती, हेही खरे. तथापि त्यांची मते खोडून काढणाऱ्यांनादेखील त्यांनी वाचविलेल्या कागदांचाच आधार घ्यावा लागला. मत मागे पडते; जपलेला कागद विरोधकाच्याही उपयोगी पडतो.

यिर्मयाने शत्रूचा वेढा पडला असताना शेताचे खरेदीखत मातीच्या भांड्यात ठेवण्यास बारूखाला सांगितले, ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून. आपल्या मंडळ्यांतही बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या, पंच कमिटीची इतिवृत्ते, वडिलांची पत्रे आहेत. भिलाईच्या सेक्टर ६ सारख्या वसाहतीत तर ही निकड अधिक आहे. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्या सुमारास दूरदूरच्या गावांहून आलेल्या कुटुंबांची पहिली पिढी आता मावळत आहे, आणि त्यांच्या पेट्या उघडण्यापूर्वीच रद्दीत जात आहेत. प्रत्येक मंडळीत एखादी भगिनी किंवा निवृत्त बंधू विनावेतन या वह्या उन्हात वाळवीत असतात, नावे उतरवून घेत असतात. त्यांचा सन्मान त्यांच्या हयातीतच व्हावा आणि त्यांच्या हाताखाली एक तरी तरुण बसवावा.